दोन तपकिरी पाकिटं

अप्पांनी दोन्ही पाकिटं आदल्या दिवशीच चिकटवून टाकली होती, त्यामुळे रविवारी सकाळी घरात काही ठरायचं बाकी उरलं नव्हतं. फक्त सगळ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं राहिलं होतं.

घरची रीतच तशी होती. भांडण कुठलंही असो, अप्पा निवाडा आधी लिहीत, पाकिटात घालत, पाकीट जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवत, आणि मग दोन्ही बाजूंना बोलायला सांगत. बोलून झालं की पाकीट फोडायचं. "बोलणारा गोड बोलला की मन वाहवतं," अप्पा सांगत. "म्हणून मी मन आधीच बंद करून ठेवतो." चाळीस वर्षांत या पाकिटाविरुद्ध कोणी ब्र काढला नव्हता. धाकट्याने गाणं सोडून दातांचा डॉक्टर व्हावं हे याच पाकिटातून निघालं, थोरल्याने वकील व्हावं हेही. पहिलं पाकीट माईंचं होतं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि ग्रंथालयात नोकरी लागली होती. त्या तांब्यासमोर बसून पाऊण तास बोलल्या होत्या. नोकरीवर गेल्या नाहीत.

पाकिटं मात्र सरकारी, तपकिरी आणि भक्कम. न्यायाधीशपदावरून निवृत्त झाले त्या दिवशी कोर्टाने अप्पांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि अप्पांनी कोर्टाची दोन गठ्ठे पाकिटं घेतली. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

"यातलं भाषण कुठलं?" माईंनी कोट हातात धरून विचारलं.

"उजव्या खिशातलं."

"आणि डाव्या खिशातलं?"

"ते जेवणानंतरचं."

"मग ते घरीच ठेवा की. तांब्याखाली."

"घरी ठेवलं तर कोणीतरी वाफ देऊन ते उघडेल."

"घरी कोण राहतंय? सगळेच तर येतोय तुमचं ऐकायला."

"न्यायाच्या कामात संशयाला जागा नको," अप्पा म्हणाले आणि कोटात हात घातले.

"वर काहीतरी लिहा तरी. एकसारखी दिसतात."

"वर लिहायचं तर मग पाकीट कशाला?"

गाडीत अप्पांनी दोन्ही पाकिटं दोनदा बाहेर काढून तपासली. तपासलं ते एवढंच, की नीट चिकटली आहेत ना. मग परत खिशात घातली.

*

कायद्यासमोर सगळे समान असतात हे लोकांना समजावून सांगण्यासाठी मंडळाने सभागृहात पहिल्या रांगेत सोफे मांडले होते, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत गादीच्या खुर्च्या, आणि त्यांच्या मागे लोक. न्यायजागृती सप्ताहाचा हा शेवटचा दिवस. आजचा विषय होता 'कायद्याचं राज्य आणि न्यायासनावरचं वैविध्य'. मंडळाचे संस्थापक अप्पा, आजचे अध्यक्ष अप्पा आणि वक्तेही अप्पाच. वैविध्याचा भाग प्रदर्शनावर सोपवला होता.

प्रदर्शन बाहेरच्या दालनात होतं. 'न्यायाचे चेहरे' या नावाखाली नऊ तसबिरी. त्यांपैकी तीन घरच्याच होत्या: अप्पांचे वडील, अप्पांचे काका आणि अप्पा. नऊपैकी पाच मिशीवाले, तीन बिनमिशीचे आणि एक चष्मेवाले. शेवटी दहाव्या चौकटीत आरसा लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'उद्या इथे तुम्हीही असू शकता.' आरसा अप्पांनी स्वतः उभं राहून लावून घेतला होता, त्यामुळे तो अप्पांच्या उंचीला होता. धाकटी सून त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचा भांग तेवढा दिसला.

"टाचा वर कर," तिचा नवरा म्हणाला.

"चौदा वर्षं खालच्या कोर्टात न्यायाधीश आहे मी. आता टाचा वर करून बघू?"

"नाही, तेही बरोबरच आहे," धाकटा म्हणाला. हा डॉक्टर दिवसभर ज्यांच्याशी बोलत असे त्यांची तोंडं उघडी असत आणि उत्तर मिळत नसे. त्यामुळे उत्तर मिळालं की तो लगेच मान्य करून टाकी.

थोरला सोफ्याच्या रांगेतून हात मिळवत मिळवत त्यांच्यापर्यंत आला. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मॅडम, हे टाइप करून आणलंय. वाचून घ्या."

"कसलं आहे, भाऊजी?"

"नाव मागे घेण्याचं पत्र. 'वैयक्तिक कारणास्तव.' सगळ्यात स्वच्छ कारण. सही केलीस की आज चार वाजेपर्यंत समितीकडे पोचवायचं. उद्या सकाळी यादी पुढे जाते."

"निवाडा जेवणानंतर आहे ना? पाकीट अजून फुटलेलं नाही."

थोरल्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. लहान मुलाने अवघड शब्द बरोबर उच्चारला तर पाहतात तसं.

"अगं, वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांच्या यादीत एकाच घरातली दोन नावं, तुझं आणि माझं. लोक काय म्हणतील? एकाला मागं यावं लागणार. आता या घरात पाकिटातून काय निघतं ते तुला बारा वर्षांत कळलं नाही?"

"मग मी बोलायचं कशाला?"

"बोलायचं! बोलायचं तर आहेच. तुझा हक्क आहे तो." त्याने पेनही पुढे केलं. "तू चांगली आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या निकालांतला एक तरी वर फिरलाय का? नाही. म्हणून तर तुला घाई नाही. मला आहे."

तिने कागद घेतला, पेन घेतलं नाही. दाराशी तिचे वडील उभे होते. बसायला खुर्ची होती, तरी उभे. बावीस वर्षं त्यांनी अप्पांच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली होती. पुकारा करायचे. जिन्याखालच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. कोर्टाच्या खोलीत दाराजवळची एक विशिष्ट फरशी त्यांची होती, आणि कुठल्याही सभागृहात गेले की पाय आपोआप तशीच फरशी शोधत. बारा वर्षांत अप्पांनी त्यांना एकदाही 'व्याही' म्हटलं नव्हतं. हाक मारायची वेळ आली की अप्पा "अरे, हे बघ" म्हणत.

"बसा ना, बाबा."

"साहेब उभे राहणार, मी कसा बसू?" ते म्हणाले. मग तिच्या हातातल्या कागदाकडे पाहून हळू आवाजात, "सही करणार?"

"घरात सगळे पाकिटाचं ऐकतात, बाबा. मोडलं तर हा घरात तोंड दाखवू शकणार नाही." तिने नवऱ्याकडे मान वळवली.

"नाही, तसं काही नाही," धाकटा म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, आहे थोडं."

*

टाळ्या ओसरल्यावर अप्पांनी उजव्या खिशातलं पाकीट काढलं, फोडलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. समोरचा कागद ठाम आवाजात वाचायचा, मन दुसरीकडे ठेवायचं, ही एकतीस वर्षांची सवय. मन या वेळी पहिल्या रांगेत होतं. निवड समितीचे अध्यक्ष मधल्या सोफ्यावर आले होते. सोफ्याचं चीज झालं.

"आज आपल्यापुढे प्रश्न आहे तो न्यायासनावर कोणी बसावं हा," अप्पांनी वाचलं.

सभागृह सावरून बसलं. मागच्या एका शिक्षिकेने वही उघडली.

"वैविध्य ही चांगली गोष्ट आहे."

टाळ्या. अप्पा थांबले, टाळ्या पूर्ण होऊ दिल्या.

"तथापि ती एका घरात किती असावी याला मर्यादा आहे. या घरात ती धाकट्या सुनेच्या रूपाने बारा वर्षांपूर्वीच आलेली असून, ती पुरेशी आहे."

पुन्हा टाळ्या, पण मोजक्या. शिक्षिकेने 'पुरेशी आहे' लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या रांगेत माईंनी डोळे मिटले. त्यांना हे अक्षर, ही वाक्यरचना, हा 'तथापि' आवाजावरून ओळखता येत होता.

"सबब धाकट्या सुनेने यादीतून आपलं नाव मागे घ्यावं. कारणं. एक, तिचे वडील याच न्यायालयात पुकारा करीत असत. ज्याचा आवाज दाराशी, त्याच्या मुलीचा आवाज आसनावरून आला तर लोकांचा गोंधळ होईल. दोन, थोरल्याच्या घराण्यात हे आसन दोन पिढ्या आहे. तीन, थोरल्याची वकिली चालत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. तो न्यायाधीश झाला नाही तर त्याचं करायचं काय, हा या घरापुढचा..."

इथे अप्पांचं मन पहिल्या रांगेतून धावत परत आलं.

अप्पा थांबले. पण सभागृह सुरू झालं. आधी मागून हसण्याची एक लकेर, मग खुर्च्यांचे आवाज, मग "काय म्हणाले?", "कोणाची सून?", "अहो ती बघा, ती निळ्या साडीतली!" थोरला उभा राहिला, उभं राहून करायचं काय ते आठवेना म्हणून पुन्हा बसला. अप्पांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"शांतता!"

आवाज दारातून आला होता. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी त्याची धार गेली नव्हती. सभागृह एका दमात गप्प झालं. पहिल्या रांगेतल्या एका सोफ्याने पाय खाली घेतले. आणि हा आवाज आल्यानंतर जे करायचं असतं ते अप्पांच्या जिभेला अप्पांपेक्षा जास्त ठाऊक होतं. घडी उलगडली गेली.

"...घरापुढचा प्रश्न आहे. चार, निवड समितीच्या अध्यक्षांशी माझं बोलणं झालेलं आहे. त्यांची हरकत नाही."

मधल्या सोफ्यावर अध्यक्ष भाषणाच्या सुरुवातीपासून सावकाश मान डोलावत होते. या वाक्यालाही त्यांची मान खाली गेली. ती वर आणताना त्यांना अर्थ कळला, आणि मग ती बराच वेळ तशीच खाली राहिली.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना कार्यक्रमपत्रिकेबाहेर काही सुचत नसे. त्या म्हणाल्या, "आता प्रश्नोत्तरं."

शेवटच्या बाकावरून बसच्या कंडक्टर बाई उठल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, तिकिटाचं मशीन गळ्यातच होतं.

"साहेब, एकच विचारायचं. त्या सुनेचं म्हणणं ऐकलं का तुम्ही?"

अप्पा आयुष्यात शपथेवर खोटं बोलले नव्हते, आणि व्यासपीठ त्यांना नेहमी शपथेसारखंच वाटे.

"नाही," ते म्हणाले. "ते जेवणानंतर ऐकणार आहे."

सप्ताहातला सगळ्यात मोठा हशा त्यांनी मिळवला. जनजागृतीच्या दृष्टीने पाहिलं, तर सहा दिवसांत जे सहा वक्त्यांना जमलं नाही ते अप्पांनी अकरा मिनिटांत करून दाखवलं. कायद्याचं राज्य कशाला हवं, हे आता शेवटच्या बाकापर्यंत पोचलं होतं.

*

घरी आल्यावर सगळे जेवायला बसले. ताटं वाढली गेली, ताटं उचलली गेली. माईंनी आज एक खुर्ची जास्त मांडली होती आणि धाकटीच्या वडिलांना दंडाला धरून तिच्यावर बसवलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत बसले होते.

चारला दहा मिनिटं कमी होती. थोरल्याचं पत्र सहीविना टेबलावर पडलं होतं.

"माझी वकिली चालत नाही," थोरला अखेर म्हणाला. "चारशे लोकांसमोर."

"घरात म्हणतच होतो की," अप्पा म्हणाले.

"घरात म्हणणं वेगळं, अप्पा! आज तिथे माझे दोन अशील होते."

"दोनच ना?" माई म्हणाल्या.

धाकटा हसला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "नाही, दादाचंही बरोबर आहे." मग बायकोकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच वाक्य पुढे नेलं. "पण हिचं जास्त बरोबर आहे. सही करू नकोस. मी तोंड दाखवेन काय दाखवायचं ते."

"झालं ते झालं," अप्पा म्हणाले. "निवाडा वाचून झालेला आहे. चुकीच्या जागी वाचला गेला, पण निवाडा तो निवाडाच. आता सही करायची आणि विषय संपवायचा."

"संपवायचा कसा?" माई म्हणाल्या. "रीत काय आहे आपली? बोलणं झालं की तांब्याखालचं पाकीट फोडायचं. ते कुठंय?"

"अगं, ते भाषण आहे."

"वर कुठे लिहिलंय तसं?"

अप्पांनी डाव्या खिशावर हात ठेवला. माईंनी हात पुढे केला आणि तो मागे घेतला नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हाच हात मांडीवर ठेवून घेतला होता. शेवटी पाकीट आलं. माईंनी ते तांब्याखाली ठेवलं, बरोबर मधोमध, आणि धाकटीला म्हणाल्या, "फोड. आणि मोठ्याने वाच. सवय आहे तुला."

धाकटीने फोडलं.

"'मित्रहो, कायद्याचं राज्य म्हणजे काय? तर कोणीही, कितीही मोठा असो, स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही.'" तिचा आवाज कोर्टातला होता, ना गोड ना कडू. "'दुसरी बाजू ऐकण्याआधी लिहिलेला निकाल हा निकालच नव्हे. तो फक्त एक कागद असतो. आणि न्यायासनावर सगळे एकाच घरातून आलेले असतील, तर खिडकी एकच असलेल्या खोलीतून रस्ता जेवढा दिसतो तेवढंच त्यांना जग दिसेल.'"

"कोणी लिहिलंय हे?" माईंनी विचारलं.

"मीच लिहिलंय," अप्पा पुटपुटले.

"छान लिहिलंय. चाळीस वर्षं तांब्याखाली हेच मिळत नव्हतं."

थोरल्याने टेबलावरचं पत्र उचललं. वाचलं. 'वैयक्तिक कारणास्तव' इथे थोडा थांबला. मग त्याची आणखी दोनदा घडी केली, वाकला आणि टेबलाच्या एका पायाखाली सारली.

"हे टेबल कधीपासून डुगडुगतंय," तो म्हणाला. "माझं नाव मी काढत नाही, सांगून ठेवतो. पण तिचंही राहू दे. हरायचंच आहे तर उघड्यावर हरतो."

भिंतीवरच्या बंद घड्याळाला वगळून सगळ्या घड्याळांत चार वाजले.

"मग आता?" अप्पा म्हणाले. "माझं काय?"

"माझं नाव हा या टेबलाचा विषयच नव्हता, अप्पा," धाकटी म्हणाली. "तो इथे चालणार नाही. पण दुसरा एक चालेल. समितीच्या अध्यक्षांशी तुमचं काय बोलणं झालं, ते तुम्ही आजच्या आज समितीला लेखी कळवायचं की नाही."

"कळवलं तर तुझंही नाव अडकेल. सगळी यादीच थांबेल."

"थांबेल."

"आणि माझी तसबीर उतरवतील."

"उतरवतील बहुतेक."

अप्पांचा चेहरा पडला. इतका वेळ तो पडला नव्हता. "म्हणजे तू आधीच ठरवून टाकलंस. मला काही बोलायचं असेल तर? माझी काही बाजू असेल तर?"

टेबलावर कोणी हसलं नाही, यात घराचा मोठेपणा होता.

धाकटीने भाषणाचा कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. तो तिने समोर ठेवला, पेन शेजारी ठेवलं, टोपण काढलं नाही.

"मी काहीच ठरवलेलं नाही. ऐकायला बसलेय." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, पुकारा करा."

ते उठले. खोलीत नजर फिरवली, आणि दाराजवळची एक फरशी शोधून तिच्यावर जाऊन उभे राहिले. घसा साफ केला. अप्पांचं नाव, अप्पांच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, त्यांनी तीनदा पुकारलं. पुढे 'साहेब' नव्हतं, मागे 'साहेब' नव्हतं. शेजारच्या गॅलरीत कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढता काढता थांबलं.

तिसऱ्या हाकेला अप्पा उभे राहिले. कोटाची बटणं लावली. मग उजव्या खिशात हात घातला, डाव्या खिशात घातला, आणि दोन्ही रिकामेच बाहेर काढले.

"बोला," धाकटी म्हणाली. "सावकाश. घाई नाही."

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे कधी करावंच लागलं नव्हतं. ते व्याह्यांकडे वळून म्हणाले, "व्याही, जरा पाणी द्या."

व्याह्यांनी तांब्या उचलला. त्याच्याखाली काही नव्हतं.